आठचाकी उभयचर गाडीला दोन पंखे: नवी मुंबईच्या एका धारण तलावावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव टाकून वसवलेला. उधाणाच्या भरतीला खाडीची पातळी नाल्यांपेक्षा वर जाते. अशा वेळी पावसाचं पाणी अडवून ठेवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, यासाठी शहराच्या आखणीतच धारण तलाव ठेवले गेले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. जुन्या खारभूमीत बांधाला उघाडी असते, तोच हा प्रकार. वर्षानुवर्षं या तलावांत गाळ साचला, काठाने तिवर माजलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने तिथे सरसकट यंत्र घालून गाळ उपसता येत नाही. आधी गाळ कुठे किती आहे, याचा नकाशा लागतो.

रबाळे औद्योगिक पट्ट्यातल्या एका छोट्या सर्वेक्षण फर्मकडे असं मोजणीचं काम होतं. तलावावर २५ मीटरची चौकट आखायची आणि प्रत्येक छेदावर थांबून खुणा केलेली काठी आधी गाळाच्या माथ्यापर्यंत, मग कठीण थरापर्यंत दाबून दोन वाचनं घ्यायची. साध्या ध्वनिमापकाला पातळ गाळाचा माथा नीट कळत नाही. म्हणून काठीच. एका बिंदूवर ४० ते ५० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ गाडी जागेवर हवी.

होडी गाळात रुतते आणि काठावरून ढकलत नेता येत नाही. त्यामुळे फर्मने जुनी आठचाकी उभयचर गाडी घेतली होती: साधारण ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद, रिकामी ६०० किलोच्या आसपास, जाड पॉलिइथिलीनची नावेसारखी बॉडी. चाकं फुग्यासारखी आणि कमी हवेची, आठही साखळ्यांनी फिरणारी. स्टिअरिंग दोन दांड्यांचं. डावीकडे वळायचं तर डावी बाजू ब्रेक करायची. पाण्यात गाडी तरंगते आणि टायरच्या खाचाच वल्ह्याचं काम करतात.

अडचण

फर्मने वर्कशॉपकडे तक्रार मांडली ती अशी: "गाडी पाण्यात फार हळू चालते, पंखा बसवून द्या." ५० मीटरची दोरी दोन खुंटांना ताणून दोन्ही दिशांनी वेळ घेतली तर सरासरी ५० सेकंद आले, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. या जातीच्या गाडीला हे वाईट नाही.

खरी रडकथा झडपेजवळच्या बिंदूंवर होती. या तलावाची झडप पूर्ण बसत नव्हती, त्यामुळे ओहोटीला तिथे ओढा तयार व्हायचा. एक नारळ पाण्यात सोडून २० मीटरचं अंतर मोजलं. ३० सेकंद लागले, ताशी २.४ किलोमीटर. कागदावर गाडीचा वेग ओढ्यापेक्षा जास्त आहे, मग ती टिकायला हवी. टिकत नव्हती, आणि त्याचं कारण स्टिअरिंगमध्ये होतं. तोंड सरळ करायला एका बाजूची चाकं ब्रेक केली की ढकलणारा जोर निम्मा होतो, ब्रेक केलेली चार चाकं पाण्यात अडथळा बनतात आणि गाडी मागे वाहते. दांडी सोडेपर्यंत बिंदू पाच-सात मीटर पुढे राहिलेला असतो. रिव्हर्समध्ये चाकांचा जोर आणखी कमी. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की मोकळ्या पाण्यातही हीच गत. दिवसाला जेमतेम ३४ बिंदू होत होते.

म्हणजे मागणी वेगाची होती, कमतरता ताब्याची. हे त्या वेळी कुणी एवढ्या स्वच्छ शब्दांत मांडलं नाही, आणि पुढचे दोन महिने त्याचीच किंमत चुकवण्यात गेले.

पर्याय

चाकांवर रबरी पट्टे चढवणं हा पहिला विचार. पाण्यात थोडा फायदा होतो, मऊ गाळात तर खूपच. पण तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. ती पट्ट्यात अडकतात आणि तुटतात. कांदळवनात ती विनापरवाना तोडता येत नाहीत, त्यामुळे विषय तिथेच संपला.

बॉडीच्या पोटातून शाफ्ट काढून इंजिनाच्याच जोरावर पंखा फिरवायचा, हा पर्याय वर्कशॉपमधल्या सगळ्यांचा लाडका. दुसऱ्या महायुद्धातल्या श्विमवागेन या जर्मन उभयचर मोटारीचा पंखा मागच्या बाजूला बिजागरीवर होता. पाण्यात उतरताना तो खाली पाडला की थेट क्रँकशाफ्टला जोडला जाई. देखणी युक्ती, पण त्याला रिव्हर्स नव्हता. मागे यायचं तर चाकंच फिरवायची. इथे तर रिव्हर्स हीच मुख्य गरज. शिवाय पॉलिइथिलीनच्या बॉडीला पाण्याच्या रेषेखाली भोक पाडून तिथे फिरता शाफ्ट पाणीबंद ठेवणं म्हणजे कायमची डोकेदुखी. या प्लॅस्टिकला सीलंट चिकटतच नाही, तो फक्त दाबून बसतो.

पाण्याची धार फेकणारा जेट पंप गाळ आणि पिशव्या ओढून घेईल, म्हणून बाद. लांब शाफ्टचं, हवेने थंड होणारं चिखलातलं इंजिन तांत्रिकदृष्ट्या चांगलं होतं, त्याला थंड करायला पाणी लागत नाही. पण मागे दीड-दोन मीटरची शेपटी येते आणि तिवराच्या गल्लीत वळता येत नाही.

उरले दोन: ५ अश्वशक्तीचं पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून टांगायचं पंख्यासकट इंजिन, किंवा तशाच टांगायच्या विजेच्या छोट्या ट्रोलिंग मोटरी. फर्मने आधी आउटबोर्ड भाड्याने आणून पाहिलं, आणि तो निर्णय योग्यच होता. भाड्याची चाचणी स्वस्त पडते. वेग मिळाला ताशी ५.२ किलोमीटर. सगळ्यांची निराशा झाली, पण गणित तसंच आहे. आठ चाकं लटकलेली बोथट पेटी पाण्यातून ढकलायची, तर अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. दुप्पट वेगाला चौपट जोर आणि आठपट अश्वशक्ती. शिवाय पाण्यातली लांबी ३ मीटरच असल्याने ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास गाडी स्वतःच्याच लाटेत अडकते. १० अश्वशक्तीचं इंजिन लावलं तरी ती भिंत हलत नाही, फक्त मागची बाजू आणखी बुडते.

तिसऱ्या दिवशी पाणी ओढणाऱ्या जाळीवर पिशवी बसली, इंजिन तापलं, पंपाचं रबरी चाक गेलं. इंजिन भाड्याने देणाऱ्या कोळी काकांनी आधीच बजावलं होतं, "अरे बाबा, या पाण्यात पंखा टाकशील तर हात पोचेल असा टाक. दर घटकेला काढावा लागंल." पुढच्या आराखड्यातला सगळ्यात उपयोगी नियम हाच ठरला.

वजनाचा हिशेब

इथे थोडं थांबायला हवं, कारण असे बहुतेक प्रयोग इथेच फसतात. या आकाराच्या गाडीचं पाण्यावरचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटरच्या आसपास. ३० किलो बरोबर मध्यभागी ठेवले तर गाडी सगळीकडून १ सेंटिमीटर बुडते. तेच ३० किलो अगदी मागच्या कडेला टांगले, तर मागची कड सुमारे ४ सेंटिमीटर बुडते आणि पुढची २ सेंटिमीटर उचलते. आउटबोर्ड आणि ब्रॅकेट मिळून ३५ किलोच्या पुढे गेलं होतं. त्यात काठी धरणारा माणूस मागे बसलेला. मागच्या कडेला पाण्यापासून फक्त १४ सेंटिमीटर उरले होते.

विजेच्या दोन मोटरी आणि ब्रॅकेट यांचं मागचं वजनही २८ किलोच भरलं, फार कमी नाही. फरक बॅटऱ्यांचा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या प्रत्येकी १२-१३ किलोच्या. त्या थेट पुढच्या पायाशी ठेवल्या आणि मागचा भार बराचसा तोलला गेला. त्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या असत्या तर दुपटीहून जास्त वजन पडलं असतं.

टायरची हवाही याच हिशेबात येते. बुडालेला टायर पाणी सारतो, म्हणजेच गाडीला तरंगवतो. एक टायर बसला की त्या कोपऱ्याचा आधार दहा-वीस किलोंनी जातो. पाण्यात उतरण्यापूर्वी आठही टायर कमी दाबाच्या गेजने तपासायचे. नेहमीच्या पंपावरचं गेज या दाबाला सुईसुद्धा हलवत नाही.

काय केलं

खाऱ्या पाण्याच्या, ५५ पौंड जोराच्या, म्हणजे प्रत्येकी २५ किलो जोर देणाऱ्या दोन मोटरी घेतल्या. दोन घेण्याचं कारण वेग नव्हे. एक पुढे आणि एक मागे फिरवली की गाडी जागच्या जागी वळते, सुकाणू लागत नाही आणि चालकाच्या हाताला दोन दांड्यांची सवय आहेच.

ब्रॅकेट बॉडीच्या प्लॅस्टिकवर न धरता आतल्या लोखंडी चौकटीला धरलं. ५० किलोचा जोर बोल्टांच्या साडेचारशे मिलिमीटर खाली लागतो, म्हणजे सव्वादोनशे न्यूटन-मीटरचा पिळ. पंखा गाळात आपटला तर तो कितीतरी वाढतो. नुसत्या प्लॅस्टिकवर बोल्ट मारले असते तर भोकं लांबट होऊन पाणी आलं असतं. बोल्ट पाण्याच्या रेषेच्या वरच घेतले, बाहेरून-आतून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या आणि मध्ये ईपीडीएम रबराचं गॅस्केट. पहिलं ब्रॅकेट साध्या लोखंडाचं, पावडर कोटिंग केलेलं होतं. वेल्डिंगच्या कडांना तीन आठवड्यांत गंज फुटला. दुसरं ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचं केलं. बाजारात 'एसएस' म्हणून सहज मिळतं ते बहुधा ३०४ असतं आणि खाडीच्या पाण्यात त्याला टिपके पडतात.

पंख्याची उंची ठरवताना दोन बाजूंनी ओढाताण असते. पातं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलं की हवा ओढतं आणि जोर कोसळतो. फार खाली नेलं तर गाळात शिरतं. पात्याचं खालचं टोक टायरच्या तळापेक्षा ८० मिलिमीटर वर राहील असं धरलं, म्हणजे गाळाला आधी टायर टेकतो. मोटर बिजागरीवर, दोरी ओढली की वर येणारी. बसल्या जागेवरून हात पोचतो, काकांच्या नियमाप्रमाणे.

वायरिंगमध्ये तीन चुका झाल्या. बॅटऱ्या पुढे नेल्याने वायर एका दिशेने अडीच मीटर, जाऊन-येऊन पाच. पहिल्यांदा ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. ५० अँपिअरला पाऊण व्होल्टची घट येत होती आणि इन्सुलेशन हाताला गरम लागत होतं. १६ चौरस मिलिमीटर टाकल्यावर घट ०.३ व्होल्टच्या आत आली. दुसरी चूक घरगुती एसी एमसीबी. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. त्यामुळे डीसीसाठीचेच ६० अँपिअरचे ब्रेकर बॅटरीला लागून बसवले. तिसरी चूक सगळ्यात महागाची. मोटर उलट फिरवण्यासाठीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनेच चालणारा मोठा स्विच, पूर्ण वेगात पाडला तर मोटरचा स्वतःचा उलट विद्युतदाब बॅटरीच्या विद्युतदाबात मिळतो आणि थांबलेल्या मोटरपेक्षाही जवळपास दुप्पट प्रवाह वाहतो. संपर्कबिंदू चिकटले, डावी मोटर पुढेच फिरत राहिली आणि गाडी तिवरात गोल गोल शिरली. नंतर वेगाची मूठ शून्यावर आल्याशिवाय कॉन्टॅक्टर हलणार नाही असा इंटरलॉक केला आणि चालकाच्या मनगटाला दोरी असलेला, दोन्ही मोटरी तोडणारा स्विच दिला. हा स्विच पहिल्याच दिवशी हवा होता, यावर वाद नको.

निर्णयाचा क्षण: पंखे रुंद की जवळ

वळायला जोर मिळावा म्हणून मोटरी एकमेकींपासून १.३ मीटरवर लावल्या होत्या. घोडबंदर पट्ट्यातल्या एका खासगी तळ्यात चाचणी घेतली: गाडी मागून दोरीने झाडाला बांधायची, मध्ये लटकता वजनकाटा आणि पूर्ण जोर. अपेक्षा ५० किलोची, काटा ३१ वर थांबला. कारण पाहताच कळलं. पंखे बरोबर मागच्या टायरांच्या पाठीशी होते आणि टायर फिरले की फेसाळ पाणी थेट पात्यांवर येत होतं.

मोटरी आत घेऊन अंतर ७०० मिलिमीटर केलं आणि बॉडीपासून ३५० मिलिमीटर मागे नेल्या. काटा ४३ वर गेला. वळण्याचा पिळ मात्र कमी झाला, कारण भुजा जवळपास निम्मी झाली. फर्मच्या चालकाला रुंद मांडणीच हवी होती. हट्ट सोडवायला आणखी एक मोजणी लागली. झडपेच्या ओढ्यात गाडी खुंटाला बांधून काटा पाहिला, फक्त १३ किलो. म्हणजे जागेवर धरायला एका मोटरचा निम्म्याहून थोडा जास्त जोर पुरतो. उरलेल्या जोरात वळण सहज भागतं. हीच मोजणी पहिल्या दिवशी केली असती तर आउटबोर्डचा विषय निघालाच नसता.

निकाल

टायर बंद ठेवून नुसत्या पंख्यांवर वेग ताशी ४.३, टायर अगदी संथ फिरवत दोन्हींवर ५.१. टायर जोरात फिरवले की वेग उलट घटतो, फेसामुळे. दिवसाचे बिंदू ३४ वरून ७० च्या घरात गेले, ते मुख्यतः थांबणं जमू लागल्याने. बॅटरी पूर्ण जोरावर दीड तास टिकते. कामाच्या रीतीने, म्हणजे सरासरी २० अँपिअरच्या आसपास, ती चार तास पुरली. भरतीची खिडकी तेवढीच असते.

पिशव्यांनी पिच्छा सोडला नाही. पंख्याभोवती जाळीचा पिंजरा करून पाहिला. दहा मिनिटांत पिंजऱ्यावरच पिशव्यांची गोधडी झाली, म्हणून काढून टाकला. त्यापेक्षा अँपिअरचा काटा डोळ्यासमोर ठेवणं बरं. आकडा चढला की दोरी ओढायची, पातं साफ करायचं. मोठा घात केला तो तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने. पंख्यामागे शाफ्टवर तो गुंडाळला गेला, सील कापलं आणि बाराव्या खेपेला उजव्या मोटरीत पाणी शिरलं. आता दर खेपेनंतर पंख्याचा नट काढून मागे बघतात. दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी बाहेर काढताना मोटर वर घ्यायला विसरणं दोनदा झालं. दांडा वाकला नाही, कारण तो लवचीक होता. मोटर खाली असताना मुख्य इंजिनाने जोर धरला की वाजणारा भोंगा नंतर बसवला. धुणं-ग्रीस हा भाग पंखे नसतानाही होताच: गोड्या पाण्याचे दोनशे लिटर, प्रत्येक ॲक्सलच्या बेअरिंगमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, महिन्याला मोटरीचा, गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा तपासायचा.

मूळ योजनेत झडपेपलीकडच्या खाडीतलेही काही बिंदू होते. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून रोहित पक्षी अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही आला. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय यंत्र नेता येत नाही. ते बिंदू कामातून वगळले गेले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट दोन हजार रुपयांच्या आतली: साडेतीन मीटरचे दोन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या कडेला त्यांच्यासाठी कडी. पाणी दीड मीटर आणि खाली मऊ गाळ असेल तर पाइप हाताने दाबून गाडी खिळवता येते. तलावाच्या अर्ध्या बिंदूंवर एवढंच पुरलं असतं. उरलेल्या ठिकाणी, झडपेजवळ आणि जिथे गाळाखाली लगेच मुरूम लागतो तिथे, पाइप धरत नाही आणि पंखेच हवेत. फर्म आता दोन्ही वापरते.

दुसरं, मोटरी एकाच वेळी बसवण्याऐवजी आधी एकच मोटर मध्यभागी लावून ओढ्यात टिकते का ते बघायला हवं होतं. वळायला चाकं आहेतच. दुसऱ्या मोटरीचा खर्च मग डोळसपणे झाला असता.

तिसरं, बिल्ज पंप, म्हणजे गाडीच्या तळात आलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. गाडीत ताशी चार हजार लिटरचा पंप मूळचाच होता. पण त्याची वायर नव्या बॅटरीवर हलवली गेली आणि मनगटाच्या दोरीचा स्विच तोडला की पंपही बंद पडत होता. सोळाव्या खेपेला तळाचं एक बूच सैल राहिलं तेव्हा हे उघडकीला आलं, पायाशी पाणी आल्यावर. पंप आता गाडीच्या मूळ बॅटरीवर, स्वतंत्र फ्यूजवर आणि फ्लोट स्विचसह आहे. बुचांची मोजणी टेम्पोवरून गाडी उतरवतानाच होते, चालक आणि काठीवाला दोघांनी वेगवेगळी.